करलीचा काटा आणि मिरजेचा रिपोर्ट

शनिवार, ३० मे २०२०, रात्री पावणेनऊ. हर्णै बाजूच्या एका कोळीवाड्यातून फोन होता. "डॉक्टर, सासूबाईंच्या घशात काटा अडकलाय. करलीचा."

(हे प्रकरण पेशंट आणि तिच्या घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि माझ्या चुका मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत.)

करली म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. चवीला गोड, पण मांसात बारीक दुबेळके (टोकाला दुभंगलेले) काटे असे पेरलेले की पाहुण्याच्या ताटात ती सहसा कोणी वाढत नाही. असा फोन आला की एरवी माझं उत्तर तीन शब्दांचं असतं: घेऊन या इकडे. काम दहा मिनिटांचं. जीभ गॉजच्या तुकड्यात धरायची, स्पिरिटच्या दिव्यावर ऊबवलेला छोटा आरसा टाळ्याला लावायचा, "ई" म्हणायला सांगायचं, काटा दिसला की वाकड्या चिमट्याने ओढायचा. बहुतेक वेळा काटा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशीच असतो. बरेचदा तर तो गेलेला असतो आणि मागे नुसता ओरखडा राहिलेला असतो. पेशंट काटा कागदाच्या पुडीत बांधून घरी दाखवायला घेऊन जातो.

पण ते कोरोनाच्या साथीचे दिवस होते. त्या रात्री ते तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

त्या दिवसांतला दवाखाना

बाकीचे डॉक्टर पेशंटपासून हातभर लांब बसू शकतात. आम्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं तोंड पेशंटच्या उघड्या तोंडासमोर वीतभर अंतरावर असतं, आणि आम्ही तिथे जे करतो त्याने माणूस खोकतो, शिंकतो, ओकारी काढतो. या विषाणूचा मुक्काम सुरुवातीला असतो नेमका नाकात आणि नाकामागच्या पोकळीत. चीनमधल्या सुरुवातीच्या अभ्यासातही घशापेक्षा नाकातल्या नमुन्यांत तो जास्त सापडला होता. म्हणजे आमची रोजची कामाची जागा तीच त्याची.

मार्चअखेर आमच्या ग्रुपवर एक पत्र फिरलं. वुहानमध्ये एका पेशंटच्या नाकावाटे पिट्यूटरी ग्रंथीची शस्त्रक्रिया झाली आणि चौदा जणांना लागण झाली, असं त्यात होतं. पुढे तिथल्या डॉक्टरांनी सविस्तर लिहिलं तेव्हा कळलं, की त्या चौदांत वॉर्डात काम करणारी माणसंही होती. सगळा दोष एका शस्त्रक्रियेवर टाकता येत नव्हता. पण भीती पत्राबरोबर आली होती, खुलासा आला तोवर ती मुरली होती.

२२ मार्चच्या जनता कर्फ्यूनंतर मी नाकाची दुर्बीण बंद केली, कानातलं सक्शन बंद केलं. कानामागच्या हाडाच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या, कारण मध्यकर्णाचं अस्तर नाक-घशाच्या अस्तराशी नळीने जोडलेलं असतं आणि ड्रिल लावला की हाडाचा भुगा पाण्याबरोबर हवेत उडतो. ऐकण्याची तपासणी ज्या खोलीत व्हायची ती तर ध्वनिरोधक, म्हणजे वारा येणार नाही अशीच बांधलेली. तिला कुलूप. आवाज बसलेला एक विडी ओढणारा पेशंट मी मार्चमध्ये "महिन्याभराने या" म्हणून परत पाठवला होता. त्याची आठवण त्या दोन महिन्यांत मला वारंवार यायची. तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस बसलेल्या आवाजाचा गळा पाहायलाच हवा, हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. (तो जूनअखेर आला. स्वरतंतूंवर सूज होती, गाठ नव्हती. माझं नशीब.)

कपाटात पीपीई किट होते दोन. एक शिवणीत उसवलेलं.

पहिला फोन: माझी चूक

मी प्रश्न विचारले. कुठे टोचतंय? डावीकडे, बोट ठेवून दाखवतात. थुंकी गिळता येते का? येते, पण दर वेळी त्याच जागी कळ येते. रक्त? नाही. श्वास? ठीक. काय केलं? कोरड्या भाताचे गोळे गिळायला दिले, दोन केळी दिली.

भाताचे गोळे घरोघरी देतात. बारीक, वरवर टेकलेला काटा त्याने कधी कधी निघतोही. रुतलेला असेल तर तो गोळा त्याला हातोड्यासारखा आणखी आत ठोकतो. बोट एका बाजूला ठेवून दाखवणं आणि दर गिळण्याला त्याच जागी कळ येणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की काटा असण्याची शक्यता ओरखड्यापेक्षा जास्त. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मग दुसरी यादी. ताप? खोकला? नाही. मुंबईहून घरात कोणी आलंय? "नाही डॉक्टर, घरात कोणी नाही आलं."

मी म्हटलं, आणखी भात देऊ नका, कोमट पाणी द्या, बहुधा ओरखडा असेल, सकाळपर्यंत बघू. "बहुधा ओरखडा असेल" हे वाक्य वैद्यकशास्त्राचं नव्हतं. ते घाबरलेल्या माणसाचं होतं, फक्त भाषा डॉक्टरची होती.

दुसरा फोन: कोळणीला काटा लागतो कसा?

रविवारी सकाळी मीच फोन केला आणि सासूबाईंना, म्हणजे मावशींनाच बोलायला लावलं. वय अठ्ठावन्न, मधुमेह नाही, आयुष्य बंदरावर मासे विकण्यात गेलेलं. आवाज स्वच्छ होता. तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसा दबका आवाज आला असता तर घशात सूज किंवा पू धरायला हवा. तसं नव्हतं. टोचणं मात्र कायम.

सहज, जवळजवळ थट्टेत विचारलं, "मावशी, जन्मभर करली खाल्लीत, आणि आता काटा कसा लागला?"

"चवच नाय ओ डाक्टर. मीठ हाय का कोकम, काय कळंना. रागान् चार घास भराभर गिळले."

मी खुर्चीत सरळ बसलो.

गंध जाण्याबद्दल ब्रिटनच्या आमच्या शाखेच्या संघटनांनी मार्चमध्येच इशारा दिला होता: नाक चोंदलेलं नाही, सर्दी नाही आणि वास अचानक गेला, तर तो माणूस बाधित धरा. आपल्याकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या लक्षणांच्या यादीत गंध आणि चव जाणं आलं ते १३ जून २०२० ला. म्हणजे या फोननंतर दोन आठवड्यांनी.

सुनेला म्हटलं, सुकटीचा (सुक्या मासळीचा) डबा आणा. मे महिन्याची अखेर, आगोटीची (पावसाळ्यासाठीची) बेगमी घरात आलेली. पडवीत बोंबील, माळ्यावर जवळा. फोनवर झाकण उघडल्याचा आवाज आला. "मावशी, नाकाशी धरा. वास येतोय?"

बराच वेळ काही आवाज नाही. मग, "नाय."

"नाक चोंदलंय?"

"मोकळा हाय."

खोबरेल, रॉकेल, तीच गत. एवढी स्वस्त तपासणी मी आजवर केली नाही. डबा उघडून नाकाशी धरायचा, बस. कोणत्याही दवाखान्यातल्या अत्तराच्या कुप्यांपेक्षा कोळणीच्या घरातली सुकट भरवशाची.

पुढे त्या वर्षात कळलं की विषाणूला शिरायला लागणारी दारं गंधाच्या मज्जातंतूंपेक्षा त्यांना आधार देणाऱ्या पेशींवर जास्त असतात. म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत येतो. त्या रविवारी मला हे माहीत नव्हतं. एवढंच कळलं की माझ्यासमोर आता एक काटा आणि एक साथ एकाच घशात आहेत.

"मावशी, मुंबईवाला कोण भेटला?"

धाकटा मुलगा. घरात आला नव्हता हे खरंच होतं. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना विलगीकरणासाठी गावाबाहेर शाळेत ठेवलं होतं, तिथे तो होता. मावशी रोज त्याला डबा पोचवायच्या, पायरीवर बसून तो जेवेपर्यंत गप्पा मारायच्या आणि रिकामा डबा घेऊन परत यायच्या. सुनेने खोटं सांगितलं नव्हतं. मी प्रश्न अरुंद विचारला होता.

ताप कुणाचा?

तालुक्याच्या आरोग्य खात्याला कळवलं. वास गेला म्हणून स्वॅब घ्या, हे कुणी ऐकेना. मुंबईहून आलेल्या मुलाचा संपर्क म्हटल्यावर सोमवारी स्वॅब घेतला गेला. आमच्या जिल्ह्याचे स्वॅब तेव्हा मिरजेला जायचे. घाट चढून नमुना जायचा आणि रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस, कधी जास्त. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाला फोन केला. काटा काढायची सोय त्यांच्याकडे होती, सी.टी. होता. उत्तर आलं: रिपोर्ट आणा, मग पाठवा. मी त्यांच्या जागी असतो तर वेगळं बोललो असतो का, छातीठोकपणे सांगू शकत नाही.

साधा एक्स-रे इथेच निघाला असता, पण बांगडा किंवा तारलीसारख्या माशांचा काटा साध्या एक्स-रेवर बहुधा दिसत नाही, आणि करलीच्या त्या केसासारख्या काट्याचाही मला भरवसा नव्हता. "एक्स-रे नॉर्मल" एवढा कागद हातात आला असता तर आम्ही सगळेच निर्धास्त होऊन आणखी दोन दिवस बसलो असतो.

सोमवारी रात्री ताप आला. शंभर.

या प्रकरणाची गाठ इथे होती. हा ताप साथीचा, की काट्याभोवती धरू लागलेल्या पुवाचा? साथीचा असेल तर थांबणं शहाणपणाचं. पुवाचा असेल तर थांबणं घातक, कारण घशामागच्या पोकळीतला पू खाली थेट छातीपर्यंत उतरू शकतो. दोन्हींत घसा दुखतो, दोन्हींत ताप येतो. एरवी मी मानेवर हात ठेवला असता आणि निम्मं उत्तर बोटांना कळलं असतं.

हात ठेवला सुनेने. व्हिडिओ कॉलवर मी सांगत गेलो: जबड्याखालून सुरुवात करा, हळू दाबत खाली या. कुठे फुगलंय? कुठे कातडीखाली कुरकुर लागते का, पापडावर बोट दाबल्यासारखी? (अन्नमार्गाला भोक पडून हवा बाहेर आली तर तशी लागते.) मान वळवता येते का? तोंड पूर्ण उघडतं का? सुनेने मन लावून केलं. कुरकुर नव्हती, फुगवटा नव्हता, मान वळत होती. गिळताना कळ मात्र आता कानापर्यंत जात होती.

मंगळवारी सकाळी हवामान खात्याचा इशारा स्पष्ट झाला: निसर्ग चक्रीवादळ बुधवारी किनाऱ्याला लागणार. होड्या वर ओढायचं काम सुरू झालं होतं. वादळानंतर रस्ते किती दिवस बंद राहतील, वीज कधी येईल, कोण सांगणार? रिपोर्टची वाट बघायला आता मुदत उरली नव्हती. पेशंट बाधित आहे असंच धरून काटा काढायचं ठरवलं.

मंगळवार, २ जून

माझा दवाखाना जुन्या घरात आहे. आत तपासणीची खोली, बाहेर पश्चिमेला तोंड असलेली पडवी. आत करायचं तर दारं-खिडक्या उघडूनही हवा कोंडते. म्हणून सगळं पडवीत मांडलं: खुर्ची, दुर्बीण, पडदा, बॅटरीची सोय. वारा पाठीवर असावा म्हणून मी पश्चिमेकडे पाठ करून उभा राहणार होतो. दुपारी खारा वारा तिकडूनच येतो. त्या हिशोबाने खुर्ची ठेवली.

मावशी थोरल्या मुलाच्या मोटरसायकलवरून उतरल्या, मास्क सावरला, अंगणात क्षणभर थांबल्या. "डाक्टर, आज वारा खारा नाय. दखनेचा हाय. खुर्ची फिरवा."

त्यांचं बरोबर होतं. वादळ नैऋत्येला समुद्रात होतं, वारा उलटा फिरला होता. माझ्या मांडणीप्रमाणे त्यांचा खोकला वाऱ्याबरोबर आत, माझ्या मदतनीस मुलीच्या तोंडावर गेला असता. खुर्ची फिरवली. मी दक्षिणेकडे पाठ केली.

पद्धतीत तीन बदल केले. घसा बधिर करायला फवारा वापरला नाही, कारण फवाऱ्याने हमखास खोकला येतो. त्याऐवजी बधिर करणारं दाट औषध तोंडात पाच मिनिटं धरून सावकाश गिळायला दिलं. आरसा टाळला आणि कोनात बघणारी दुर्बीण कॅमेऱ्याला जोडून पडद्यावर बघत काम केलं, त्यामुळे माझं तोंड त्यांच्या तोंडापासून हातभर लांब राहिलं. तिसरं, जीभ त्यांनी स्वतःच धरली. नेहमी ती मी धरतो. त्यांनी धरल्यावर ओकारी कमी आली. हा शोध मात्र मला वीस वर्षांपूर्वीच लागायला हवा होता.

मे-जूनच्या दमट उकाड्यात प्लॅस्टिकचा झगा, एन-९५, वर चष्मा. फेस शील्ड लावून बघितलं, तर दिव्याचा उजेड त्याच्यावरून उलटून डोळ्यांत, आणि दोन मिनिटांत वाफ. काढून टाकलं, बंद गॉगल ठेवला. घाम कोपरापाशी साचून हातमोज्यात उतरत होता.

पडद्यावर आधी काहीच दिसलं नाही. जिभेच्या मुळामागे, श्वासनळीच्या झाकणाच्या पुढे एक खळगी असते. तिथे डाव्या बाजूला पांढरट साका होता आणि भोवती लाली. थुंकी गिळायला सांगितली, तेव्हा साक्यातून एक टोक चमकलं. दुसरं टोक जिभेच्या मुळात रुतलेलं. भाताच्या गोळ्यांनी आपलं काम केलं होतं. चिमटा आत नेला, पहिल्यांदा हुकला, दुसऱ्यांदा पकडीत आला. ज्या दिशेने रुतला होता त्याच रेषेत उलटा ओढला. दोन सेंटिमीटरला थोडा कमी, टोकाला दुबेळकं. मागून पिवळसर थेंबभर पू आला. खोकला एकदाच आला, आणि तो वाऱ्याने उत्तरेच्या कुंपणाकडे नेला.

काटा हातात घ्यायचा नाही, पिशवीत बंद करायचा असं सांगितल्यावर मावशी हिरमुसल्या. पुडी मागायला त्यांनी हात पुढे केलेला होता.

नंतर

बुधवारी दुपारी निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं. आमच्या दापोली-मंडणगड पट्ट्यात माड, पोफळी, आंब्याची जुनी झाडं आडवी झाली, पत्रे उडाले. फोनचे मनोरे बंद, वीज नाही. मिरजेचा रिपोर्ट कुठल्या तरी संगणकावर तयार होता, पण तो सांगायला मार्ग नव्हता. रविवारी, ७ जूनला, ग्रामीण रुग्णालयाचा माणूस चिठ्ठी घेऊन आला: पॉझिटिव्ह.

तोवर मावशींचा ताप उतरून चार दिवस झाले होते. अँटिबायोटिकने उतरला की आपला आपण, हे आजही सांगता येणार नाही. ८ मेच्या सुधारित नियमाप्रमाणे सौम्य लक्षणांच्या माणसाला लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवसांनी सोडत, शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर. म्हणजे रिपोर्ट पोचला तेव्हा त्यांची मुदत संपतच आली होती. मी आणि मदतनीस मुलगी चौदा दिवस वेगळे राहिलो. आम्हा दोघांनाही काही झालं नाही. दवाखाना बंद, वरचा पत्रा गेलेला, वीज यायला कित्येक दिवस. त्या पंधरवड्यात भरपूर विचार झाला.

शनिवारी रात्रीच मी "घेऊन या" म्हटलं असतं, तर काटा वरवर असताना, पू धरायच्या आधी निघाला असता. मावशींचे तीन दिवस वाचले असते. पण मग मी बंद खोलीत, पंखा लावून, साधा मास्क घालून, फवारा मारून, आरसा घेऊन त्यांच्या तोंडासमोर बसलो असतो, कारण दुसऱ्या यादीतल्या सगळ्या प्रश्नांना उत्तर "नाही" होतं. उशीर झाला म्हणून मला वासाचं कळलं आणि मी वाचलो. माझ्या सुरक्षिततेची किंमत त्यांच्या घशाने भरली. पेशंटला थांबवण्याचा निर्णय त्या काळात आम्ही सगळ्यांनीच "पेशंटच्या हितासाठी" असं म्हणून घेतला. काही वेळा ते खरं होतं. या वेळी नव्हतं. योग्य मार्ग होता तो मंगळवारचा, आणि तो शनिवारीही मोकळा होता: बाधित धरा, पडवीत या, खुर्ची वाऱ्याला लावा. त्यासाठी रिपोर्ट लागतच नव्हता. एक धड किट आणि थोडी छाती लागत होती.

फोनवरची माझी यादी त्यानंतर बदलली. "मुंबईहून घरात कोणी आलंय का" ऐवजी "बाहेरून आलेल्या कुणाजवळ तुम्ही बसलात का", आणि काटा असो, कान असो, पहिला प्रश्न "जेवण चवीला लागतंय का". जून-जुलैत या एका प्रश्नावर मी बऱ्याच जणांना स्वॅबला पाठवलं. कर्णबधिर पेशंटचं मात्र फोनने काहीच साधलं नाही. मास्कने ओठ झाकले गेल्यावर ओठ वाचणाऱ्यांची बोलती दुनियाच बंद झाली, आणि मास्क काढताना कानामागचं यंत्र कुठे पडलं ते शोधत म्हातारी माणसं बाजारभर फिरायची.

मावशींना तीन आठवड्यांनी सुकटीचा वास पहिल्यांदा आला. सप्टेंबरात पुन्हा फोन: आता बोंबील भाजले की जळक्या प्लॅस्टिकसारखा वास येतो, मासळी नकोशी झाली आहे. गंध परत येताना तंतू चुकीचे जोडले जातात तेव्हा असं होतं. वासाचा व्यायाम दिला: लवंग, लिंबू, निलगिरी आणि गुलाब, दिवसातून दोनदा, प्रत्येक वास वीसेक सेकंद, निदान तीन महिने. गुलाब त्यांच्याकडे नव्हता, सोनचाफा होता, चालेल म्हटलं. पाचवा वास त्यांनी मला न विचारता घातला, सुकटीचा.

दिवाळीनंतर त्या दवाखान्यात आल्या, घसा दाखवायला. खुर्ची अजून पडवीतच होती. बसायच्या आधी त्यांनी पदराचं टोक सोडून वारा बघितला.